गिलवेल पार्क, चिंगफर्ड

गिलवेल पार्क : लंडनच्या ईशान्य कडेला, चिंगफर्ड उपनगराची घरे संपून इपिंगचे जंगल सुरू होते तिथले स्काऊट चळवळीचे शिबिरस्थळ, स्काऊट मास्टरांच्या प्रशिक्षणाचे आद्य केंद्र आणि २००१ पासून ब्रिटनच्या स्काऊट असोसिएशनचे मुख्यालय. क्षेत्रफळ सुमारे १०९ एकर (४४ हेक्टर). स्थान एसेक्स परगण्यात, सीवर्डस्टनबरी वस्तीजवळ. कारभार इपिंग फॉरेस्ट जिल्ह्याचा, टपालाचा पत्ता मात्र लंडनचा, ‘ई ४’. चिंगफर्डही १९६५ पर्यंत एसेक्समध्येच होते. त्या वर्षी ते वॉल्थमस्टो आणि लेटन यांच्यासह वॉल्थम फॉरेस्ट या नव्या बरोमध्ये, म्हणजे बृहन्लंडनमध्ये गेले. गिलवेल हद्दीपलीकडे राहिले. धड शहर नाही, धड खेडे नाही, अशा या जागेचा सारा इतिहास तिच्या या काठावरच्या वसण्यातून घडला आहे.

इपिंगचे जंगल हे राजांच्या शिकारीचे रान. आठव्या हेन्रीने १५४३ साली बांधवून घेतलेले लाकडी शिकारघर चिंगफर्डला अजून उभे आहे. १८७३ साली चिंगफर्डपर्यंत रेल्वे आली. पुढे १८७८ च्या कायद्याने हे जंगल सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनच्या ताब्यात गेले, त्यावर कुंपणे घालणे थांबले आणि १८८२ मध्ये व्हिक्टोरिया राणीने ते समारंभपूर्वक लोकांसाठी खुले केले. गोदीत आणि कारखान्यांत राबणाऱ्या ईस्ट एंडच्या माणसाला हिरवे रान आगगाडीच्या एका तिकिटावर आले. गिलवेल स्काऊटांचे का झाले, याचे निम्मे उत्तर या रेल्वेत आहे.

इस्टेट म्हणून गिलवेल जुनी. पंधराव्या शतकापासून तिच्या मालकांची नावे सापडतात. १७९० च्या दशकात ती कोषागारातील बडे अधिकारी विल्यम चिनरी यांच्याकडे आली. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी बागा फुलवल्या आणि ‘व्हाइट हाउस’ या मुख्य वास्तूत गायक-वादकांची ये-जा सुरू झाली. प्रसिद्ध व्हायोलिनवादक व्हियोत्ती त्यांच्या घरचाच झाला होता. १८१२ मध्ये चिनरींनी सरकारी तिजोरीतून सुमारे ८०,००० पौंडांचा अपहार केल्याचे उघडकीस आले आणि इस्टेट गेली. मद्रास, कलकत्ता आणि पुढे मकाव येथे चित्रे काढणारा जॉर्ज चिनरी हा त्यांचा धाकटा भाऊ. एकोणिसाव्या शतकात मालक बदलत गेले आणि विसावे शतक उजाडेपर्यंत घराची पडझड झाली, बागेत झुडपे माजली.

स्काऊटिंगची सुरुवात इथली नाही. ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी मुलांचे प्रायोगिक शिबिर भरवले आणि १९०८ मध्ये ‘स्काऊटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक पाक्षिक भागांत निघाले. मोठ्यांची वाट न पाहता मुलांनीच पथके जमवली, मग कोणीतरी मोठा माणूस शोधून त्याला स्काऊट मास्टर केले. लंडनच्या ईस्ट एंडमध्ये या उत्साहाला शिस्त दिली ती रोलंड फिलिप्स या तरुण स्काऊट कमिशनरने. संघपद्धती, म्हणजे सहा-आठ मुलांचा एक संघ आणि त्यांच्यातलाच एक संघनायक, यावर त्यांनी लिहिलेले पुस्तक चळवळीचा आधार झाले. उमरावाचा हा मुलगा स्टेपनी आणि पॉप्लरच्या गल्ल्यांत काम करत होता. पहिल्या महायुद्धात, जुलै १९१६ मध्ये, तो सोमच्या रणांगणावर पडला. स्टेपनी ग्रीनवरचे आपले घर त्याने स्काऊटांना ठेवले होते; ते ‘रोलंड हाउस’ झाले. गिलवेलची कथा खरी सुरू होते ती या घरापासून, असे माझे मत आहे. इतिहास सांगताना फिलिप्स यांचे नाव मागे पडते, ते पडू नये.

विल्यम द ब्वा मॅक्लारेन हे प्रकाशक आणि रबराच्या मळ्यांचे मालक, स्कॉटलंडमधील रोझनीथचे डिस्ट्रिक्ट कमिशनर. कामानिमित्त लंडनला आले असता ईस्ट एंडची मुले रस्त्यावरच खेळताना त्यांनी पाहिली आणि त्यांच्यासाठी जागा विकत घेऊन देण्याची तयारी दाखवली; हे ठरले रोलंड हाउसमध्येच. शोधाचे काम ईस्ट लंडनचे कमिशनर पी. बी. नेव्हिल यांच्याकडे आले. हेनॉल्ट आणि इपिंग ही दोन्ही जंगले धुंडाळून झाली, पण मनासारखी जागा मिळेना. तेव्हा जॉन गेफर या तरुण साहाय्यक स्काऊट मास्टरने गिलवेल हॉलचे नाव सुचवले. पक्षी पाहायला तो तिथे जात असे. तेव्हाची ५३ एकर इस्टेट ७,००० पौंडांना घेण्यात आली आणि डागडुजीसाठी मॅक्लारेन यांनी आणखी ३,००० पौंड दिले.

१७ एप्रिल १९१९ रोजी, ईस्टरच्या सुट्टीत, नेव्हिल आपल्या रोव्हर स्काऊटांना, म्हणजे मोठ्या वयाच्या स्काऊटांना, घेऊन साफसफाईला आले. जमीन इतकी चिंब होती की तंबू ठोकणे अशक्य. त्या रात्री सगळे माळ्याच्या मोडक्या खोपटात झोपले. ‘पिगस्टाय’, म्हणजे डुकरांचा गोठा, असे नाव पडलेले ते खोपट गिलवेलने आजही जपले आहे, आणि व्हाइट हाउसपेक्षा त्याचे मोल मला अधिक वाटते. २६ जुलै १९१९ रोजी उद्घाटन झाले. हिरव्या-पिवळ्या फिती मॅक्लारेन यांच्या पत्नीने कापल्या.

मॅक्लारेन यांना मुलांसाठी मैदान हवे होते. बेडन-पॉवेल यांना मोठ्यांसाठी शाळाही हवी होती. गिलवेलने दोन्ही सांभाळले, पण जगभर नाव झाले ते शाळेमुळे. ८ सप्टेंबर १९१९ रोजी पहिला वर्ग सुरू झाला, तो कुडू हरणाच्या शिंगाचे रणशिंग फुंकून. पहिले कॅम्प चीफ फ्रान्सिस गिडनी यांनी शिकवण्याची जी रीत घातली तीच गिलवेलची खरी देणगी. शिक्षक, कारकून, निवृत्त लष्करी अधिकारी, कोणीही असो, इथे आला की तो संघातला एक मुलगा. तंबू त्यानेच ठोकायचा, चूल त्यानेच पेटवायची आणि संघनायकाचे ऐकायचे. मुलांना जे करायला सांगणार ते आधी स्वतःच्या अंगाने केलेले असावे, एवढा हा साधा हिशेब. ओंडक्यात रोवलेली कुऱ्हाड हे गिलवेलचे चिन्हही त्याच रोजच्या शिस्तीतले : काम नसेल तेव्हा पाते उघडे ठेवायचे नाही.

वर्ग पुरा करणाऱ्याला चामड्याच्या दोरीत ओवलेले दोन लाकडी मणी मिळू लागले. तोच वूड बॅज. पहिले मणी बेडन-पॉवेल यांनी आफ्रिकेतून आणलेल्या माळेतले होते. ती माळ झुलू राजा दिनुझुलूची असल्याचे परंपरा सांगते. साम्राज्याच्या लढायांतून आलेली ही वस्तू आहे, हे गिलवेलचे कौतुक करतानाही विसरता येत नाही. गळ्यातल्या स्कार्फवर मॅक्लारेन कुळाच्या चौकटीच्या कापडाचा तुकडा असतो. महाराष्ट्रातील शाळांत ‘एच. डब्ल्यू. बी.’ म्हणून ओळखला जाणारा हिमालय वूड बॅज हा याच बॅजचा भारतीय अवतार.

भारताशी दुसरा धागा माणसांचा. १९२३ ते १९४३ अशी वीस वर्षे कॅम्प चीफ राहिलेले जे. एस. विल्सन कलकत्त्याच्या पोलीस दलातून आले होते आणि स्काऊटिंगची ओळख त्यांना तिथेच झाली होती. त्याच काळात मध्य प्रांतात या चळवळीची बांधणी करत होते नागपूरचे वकील विवियन बोस, पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. १९५० मध्ये ‘भारत स्काऊट्स’ स्थापन होऊन पुढच्या वर्षी गाईड त्यात आल्या. संस्थेचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र जुन्या मध्य प्रांताच्याच थंड हवेच्या ठिकाणी, पचमढीला आहे.

१९२९ मध्ये बेडन-पॉवेल यांना उमरावपद मिळाले, तेव्हा त्यांनी किताबासाठी ‘गिलवेल’ हेच नाव घेतले. राहत मात्र ते हॅम्पशरमध्ये होते. हिरवळीवरचा काशाचा गवा ही अमेरिकी स्काऊटांनी १९२६ मध्ये दिलेली भेट. स्काऊटिंग अमेरिकेत नेणाऱ्या विल्यम बॉइस या प्रकाशकाला १९०९ साली लंडनमध्ये वाट दाखवून बक्षीस नाकारणाऱ्या अनाम स्काऊटाची ती आठवण. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जागा सरकारने ताब्यात घेतली. बॉम्ब पडून झालेल्या खड्ड्यात पाणी साचून तळे झाले. मुले त्याला ‘बॉम्ब होल’ म्हणतात आणि त्यात खेळतात. १९९१ पासून ब्रिटनमधील स्काऊटांच्या सर्व गटांत मुलींना प्रवेश देण्याची मुभा मिळाली आणि २००७ पासून तो प्रत्येक पथकाला बंधनकारक झाला.

प्रशिक्षणाच्या मैदानाकडेचा जुना ओक कित्येक शतकांचा आहे. वूडलँड ट्रस्टच्या स्पर्धेत २०१७ मध्ये तो ब्रिटनचा ‘वर्षाचा वृक्ष’ ठरला. दर सप्टेंबरात, पहिल्या वर्गाच्या तारखेच्या आसपास, वूड बॅजधारकांचा मेळावा इथे भरतो. एरवी शनिवार-रविवारी पूर्व लंडनमधली पथके पाठीवर बोचकी घेऊन येतात आणि तंबू ठोकतात.