प्रबंधाचा आराखडा आणि शिवजन्मतिथि

महाविद्यालयांतील एका विद्यार्थ्यानें आपल्या संशोधनपर निबंधाचा आराखडा नुकताच प्रस्तुत लेखकास दाखविला. विषय शिवजन्मतिथीचा, प्रकरणें प्रस्तावना, बखरी, शकावली व निष्कर्ष अशीं चार. मांडणी नीटस होती. परंतु निष्कर्ष अगोदरच लिहिलेला असून संशयास कोठेंच जागा ठेविली नव्हती.

मीमांसकांच्या अधिकरणाचीं अंगें पांच: विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त व संगति. निबंधाचा सांगाडा याच क्रमानें बांधावा, असें आमचें मत आहे. प्रस्तुत विषयीं संशय असा कीं, महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखांतील (इ. स. १६२७), किंवा शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेचा? पूर्वपक्ष उत्तरकालीन बखरींचा. तो दुबळा करून मांडूं नये. ग्रांट डफ यानेंही १६२७ हेंच साल स्वीकारलें होतें.

सिद्धान्तपक्षीं दोन साधनें मुख्य आहेत: लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेली जेधे शकावली, आणि १९२७ सालीं छापलें गेलेलें कवींद्र परमानंदाचें 'शिवभारत'. पहिलें देशमुखांच्या घराण्यांतील टिपण, दुसरें समकालीन संस्कृत काव्य. दोन्हींत तिथि एकच येते. तथापि एकानें दुसऱ्याचा आधार घेतला आहे काय, हें तपासण्याचें कलम आराखड्यांत हवेंच. कारण तसें असल्यास साक्षी दोन न राहतां एकच उरते.

कालगणनेसही स्वतंत्र कलम द्यावें. विद्यार्थ्यानें १५५१ मध्यें ७८ मिळवून १६२९ काढले होते. परंतु हा फाल्गुन जानेवारीनंतर पडतो, म्हणून ७९ मिळवावे लागतात. तेव्हां जुन्या इंग्रजी पंचांगाप्रमाणें १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख येते.

आतां संगति. महाराजांचें निधन चैत्र शुद्ध १५, शके १६०२ (३ एप्रिल १६८०) रोजीं झालें. पहिल्या पक्षीं त्या वेळीं वय सुमारें ५३, दुसऱ्या पक्षीं ५०. चरित्रांतील प्रत्येक प्रसंगींचें वय या निर्णयावर अवलंबून आहे.

विद्यार्थ्यानें निष्कर्षाचें पान कोरें ठेवून आराखडा पुन्हां लिहून आणला. सिद्धान्त बहुधा तोच निघेल. परंतु आतां तो पुराव्यानिशीं सांगतां येईल.