शिसे सरकारचे, साचा घरचा

जेम्स ग्रँट डफ हा इंग्रज अधिकारी १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्याला होता. छत्रपतींच्या दरबारी कंपनीचा प्रतिनिधी म्हणून काम पाहता पाहता त्याने दफ्तरे, बखरी, वाड्यावाड्यांतले कागद गोळा केले आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. शिवछत्रपतींच्या पायदळाची माहिती देताना तो एक लहानशी नोंद करून जातो. मावळे आणि कोकणातले हेटकरी आपापली हत्यारे घरून घेऊन येत. सरकारातून त्यांना मिळे तो फक्त दारूगोळा.

ही नोंद वाचून सहज पुढे जाता येते, पण तिच्यात एका विसरलेल्या घरगुती कामाचा माग आहे. हत्यार ज्याचे त्याचे म्हटल्यावर प्रत्येक बंदुकीची नळी वेगळी. एक गावच्या लोहाराने घडवलेली, दुसरी गोव्याकडून आलेली, तिसरी लढाईत हाती लागलेली. एका मापाची गोळी या सगळ्यांत बसणे शक्यच नव्हते. कोठारातून शिसे मिळाले, तरी गोळी ज्या त्या बंदुकीच्या मापाने ओतावी लागणार. म्हणजे बंदुकीबरोबर तिचा साचाही हवा, आणि तो वापरायला येणारा हातही हवा.

शिशाची निवड जगभर झाली ती त्याच्या स्वभावामुळे. लोखंड वितळायला दीड हजार अंशांच्या वर उष्णता लागते, तांब्याला हजाराच्या वर. शिसे ३२७ अंशांना पाणी होते. भाता नको, मोठी भट्टी नको; चुलीतल्या निखाऱ्यांवर लोखंडी पळी ठेवली तरी भागते. शिवाय ते पाण्याच्या अकरा पटींहून अधिक जड आहे, त्यामुळे लहानशी गोळी लांबवर जोर टिकवून धरते. आणि ते मऊ असल्याने नळी खरवडत नाही.

काम दिसायला सोपे, पण त्यात हाताचे कसब होते. साचा दोन पाळ्यांचा, दगडाचा किंवा धातूचा. वितळलेल्या शिशावर राखाडी मळी येते, ती बाजूला सारायची आणि खालचा चकचकीत रस साच्यात सोडायचा. साचा गार असला की गोळीला सुरकुत्या पडतात, म्हणून पहिल्या काही गोळ्या पुन्हा पळीत जायच्या. साच्यात पाण्याचा थेंब राहिला तर त्याची क्षणात वाफ होते आणि शिसे तोंडावर उडते. पावसाळ्यात महाबळेश्वर-पाटणच्या पट्ट्यात हे काम करणाऱ्याला ओलीची किती धास्ती असेल! गोळी सुटली की तिचे शेपूट कापायचे, शिवण घासायची. तयार गोळी नळीपेक्षा किंचित लहान ठेवावी लागे, कारण दोनचार बार काढले की काळ्या दारूची काजळी आत धरते आणि मापात नेमकी बसणारी गोळी मग गजानेही खाली उतरत नाही. नळीचे माप गोळीच्या वजनावरून सांगण्याची रीत इंग्रजांकडेही होती. आजही ‘बारा बोअर’ म्हणतात ती बंदूक म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक जिच्यात बसेल ती. डफच्या मते मावळ्यांचा हात तलवारीवर बसलेला, तर नेमबाजीत हेटकरी सरस. नेमबाजाला आपल्या गोळीची खात्री लागते, आणि ती साच्यापाशीच मिळते.

शिसे मात्र सह्याद्रीत पिकत नाही. काळ्या बसाल्टच्या या प्रदेशात शिशाच्या खाणी नाहीत. राजस्थानातल्या जावरला प्राचीन काळापासून खाणी होत्या, पण सतराव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावरचा मोठा पुरवठा समुद्रातून होई. इंग्रज कंपनी विलायतेहून बनात, पारा, पोवळे यांच्याबरोबर शिसे आणून विकत असे. शिवछत्रपतींनी सुरतेच्या फ्रेंच अधिकाऱ्याकडून ऐंशी तोफा आणि आपल्या सगळ्या बंदुकांना पुरेल एवढे शिसे विकत घेतल्याचे डफने लिहिले आहे. तोफांच्या जोडीला शिशाची खरेदी नोंदली जावी, यातच त्याची किंमत कळते. तलवार गावात घडते, दारूसाठी सोरा आणि कोळसा देशात मिळतो. शिशासाठी मात्र परदेशी व्यापाऱ्याशी सौदा करावा लागे, आणि मग घाट चढून ते देशावर आणावे लागे.

गडावर पोचल्यावर शिसे सांभाळणे सोपे. ते भिजले तरी बिघडत नाही, पडून राहिले तरी चालते. दारूचे तसे नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५च्या सुमारास, याबद्दल बारकाईने सूचना आहेत. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा, वाऱ्याच्या रोखाखाली नसावा, दारूला सरदी पोचू देऊ नये, हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी ती बाहेर काढून ऊन द्यावे. औरंगजेबाशी झालेल्या दीर्घ युद्धात राज्य चालवलेल्या माणसाचे हे अनुभवाचे बोल आहेत.

त्याच युद्धात अजिंक्यतारा लढला. डिसेंबर १६९९ मध्ये बादशहा स्वतः साताऱ्याखाली येऊन बसला. किल्लेदार प्रयागजी प्रभू यांनी चार महिन्यांहून अधिक काळ गड झुंजवला. डफ लिहितो, की वरून लोटलेल्या प्रचंड शिळांनी तोफखान्याइतकाच संहार केला. गडावर दारूगोळ्याच्या जोडीला डोंगरच कामाला आला. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी सुरुंग उडवले, त्यात तट कोसळून त्यांचीच माणसे मोठ्या संख्येने गाडली गेली. प्रयागजी ढिगाऱ्यातून जिवंत निघाले. राजाराम महाराजांच्या निधनाची वार्ता येऊन धडकली होती, आणि अखेर गड गेला.

घरात गोळ्या ओतून युद्ध चालवणारे आपणच होतो असे नाही. ९ जुलै १७७६ रोजी न्यूयॉर्कच्या लोकांनी तिसऱ्या जॉर्ज राजाचा शिशाचा पुतळा पाडला. त्याचे तुकडे कनेक्टिकटमधल्या लिचफिल्ड गावी ऑलिव्हर वॉलकॉट यांच्या घरी नेले, आणि तिथे घरच्या व शेजारच्या बायकामुलांनी त्यांच्या ४२,०८८ गोळ्या ओतल्या. कोणी किती ओतल्या याचा हिशेबही ठेवला गेला. सातारा-सांगलीच्या चुलीपाशी असा हिशेब कोणी मांडून ठेवला असता, तर किती नावे आज आपल्या हाती असती! याच सुमारास ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने आपले राहते घर वर-खाली वाढवून मनोरा केला आणि उंचावरून चाळणीतून पाण्यात शिसे सोडून गोल छर्रे पाडण्याचे पेटंट १७८२ मध्ये मिळवले. घरगुती कामाचा कारखाना व्हायला तिथून सुरुवात झाली.

आपल्याकडे हे काम संपले ते मुख्यतः राज्य गेल्याने. फेब्रुवारी १८१८ मध्ये साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या हाती आला, १८४८ मध्ये डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले. छत्रपतींचे वकील रंगो बापूजी यांनी लंडनपर्यंत जाऊन दाद मागितली, ती मिळाली नाही. १८५७ मध्ये त्यांनी उभारलेला उठाव फुटला आणि ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड दिला गेला. काहींना फाशी, काहींना तोफेच्या तोंडी, काहींना गोळ्या घालून. रंगो बापूजींचा मुलगा त्यांत होता.

यानंतर निःशस्त्रीकरणाचे कायदे येत गेले आणि १८७८चा शस्त्र कायदा त्यांचा कळस ठरला. या कायद्याची व्याख्या मुळातून वाचण्यासारखी आहे. शिसे, गंधक आणि सोरा यांना त्याने ‘दारूगोळ्या’तून स्पष्टपणे वगळले; गरज पडली तर अधिसूचना काढून त्यांच्यावरही बंधन घालायची सोय तेवढी ठेवली. पण दारूगोळा तयार करण्याची सारी साधने व्याख्येत घेतली. याचा अर्थ असा, की बाजारातली शिशाची लगड निर्दोष. पण ज्यात ओतल्यावर तिची गोळी होते ते साधन कायद्याच्या कक्षेत. पिढ्यान्‌पिढ्या घरात चालत आलेल्या हातकामावर नेमक्या ठिकाणी बोट ठेवणारा हा कायदा होता. तो अन्यायी होताच. युरोपीय लोकांना त्यातून मिळालेली सूट इथल्या सुशिक्षितांच्या जिव्हारी लागली.

हत्यारांवर पोट असणाऱ्यांचे काय झाले, याचे उत्तर मिरजेत मिळते. पटवर्धनांच्या या संस्थानी गावात शिकलगार घराणी तलवारींना धार लावणे, हत्यारे दुरुस्त करणे ही कामे करीत. एकोणिसाव्या शतकात त्या धंद्याला उतरती कळा लागली, तेव्हा त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांच्या दुरुस्तीकडे आणि मग सतार-तंबोरे घडवण्याकडे आपले कसब वळवले. पटवर्धन संस्थानिकांनी गायनवादनाला आश्रय दिला, पुढे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले आणि मिरजेच्या तंबोऱ्याचा नाद देशभर पोचला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पोलाद पारखणाऱ्या हातांना भोपळा आणि तार पारखायला एक पिढीही लागली नाही, याचे कौतुक करावे तेवढे थोडे.

घरगुती गोळ्या संपवण्याचे कायद्याने अर्धवट ठेवलेले काम काडतुसाने पूर्ण केले. पितळी पुंगळी, आत दारू, बुडाशी ठिणगीची टोपी, पुढे गोळी असे सगळे एकत्र आले, आणि ते चुलीवर बनण्यासारखे राहिले नाही. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून सुरू होता. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या इंग्रजविरोधी मोर्चात हाती तिरंगा घेतलेल्या परशुराम घार्गे यांच्यावर झाडल्या गेल्या त्या अशाच कारखान्यातल्या गोळ्या.

क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारला, म्हणजे इंग्रजांविरुद्ध सातारा जिल्ह्यात उभ्या राहिलेल्या समांतर सरकारला, गोळ्या घरी बनवता न येण्याची ही अडचण रोजची होती. तेव्हाचा सातारा जिल्हा आजच्या सांगलीपर्यंत पसरलेला. १९४९ मध्ये त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. कुंडलच्या परिसरात जी. डी. बापू लाडांच्या तुफान सेनेत कवायत करणाऱ्या पोरांकडे जिद्द भरपूर, काडतुसे मोजकी. अडीचशे वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांना शिशाची लगड आणि साचा पुरत होता. यांना प्रत्येक फैरीसाठी काडतूस विकत घ्यावे किंवा हिसकावून आणावे लागले. शस्त्रे गोव्यातून चोरून आणली जात, त्याला पैसा लागे. १४ एप्रिल १९४४ रोजी खानदेशात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला, तो चळवळीच्या याच गरजांसाठी.

स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा शस्त्र कायदा केला. दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रे त्याच्याही व्याख्येत आहेत, आणि परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचे परवाने आजही असतात. निवडणूक आली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात आणि शेतकरी त्या परत मिळण्याची वाट पाहतात. शिशाबद्दल आजच्या विज्ञानाने आणखी एक गोष्ट पक्की केली आहे. त्याची धूळ आणि वाफ शरीरात साचत जाते आणि लहान मुलांच्या मेंदूला सर्वाधिक इजा करते. मुलाबाळांच्या घरात, स्वयंपाकाच्याच चुलीवर पळीत शिसे वितळवणाऱ्या त्या जुन्या घरांना याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.