शिकाऊ बटनें

३१ ऑक्टोबर २०१२ ही मुंबईंत केबलचें जुनें प्रक्षेपण बंद करण्याची सरकारी मुदत होती. अंधेरी-मुलुंडकडे घरोघरीं सेट-टॉप बॉक्स आले आणि एका रिमोटचे दोन झाले. वाहिन्या एकावर, टीव्ही चालूबंद दुसऱ्यावर! वृद्धांची तर त्रेधाच उडाली.

तोड मात्र जुनीच होती. ॲपलचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनीं १९८७ सालींच, ज्याच्या बटनांना हवें तें काम शिकवितां येई असा रिमोट काढला होता. बॉक्सच्या कित्येक रिमोटांत त्या विद्येचा अंश उतरला. दोन्ही रिमोट समोरासमोर धरावे, शिकाऊ बटन तांबडा दिवा लागेपर्यंत दाबावें, मग टीव्हीच्या रिमोटचें. त्याच्या अदृश्य अवरक्त किरणांची उघडझाप पहिला टिपून घेई. हा विधि बहुधा नातवाकडेच असे. जुना रिमोट मात्र जपावा लागे. गुरुच हरवला, तर धडा देणार कोण?