पिंग, पोर्ट आणि रांग

गेम अडकला की पहिला संशय वेगावर जातो आणि शंभराचा प्लॅन तीनशेचा होतो. पैसे बहुधा वाया जातात. गेमला डेटा फारच थोडा लागतो. तो वेळेवर पोचला पाहिजे, एवढेच. म्हणून निदानाआधी दोन तक्रारी वेगळ्या काढाव्यात: जोडणीच न होणे, आणि जोडणी होऊनही खेळ अडखळणे.

पहिलीचे मूळ नॅटमध्ये. आयपीव्ही४ चे पत्ते सुमारे ४३० कोटी. ते पुरत नाहीत म्हणून घरातली सगळी उपकरणे राउटरच्या एकाच पत्त्याआड राहतात; हेच नॅट. आतून गेलेल्या पॅकेटचे उत्तर राउटर आत सोडतो. न बोलावता आलेले दारातच अडवतो. दुसऱ्या खेळाडूचे यंत्र थेट जोडू पाहते तेव्हा हेच घडते आणि एक्सबॉक्स 'स्ट्रिक्ट' नॅट दाखवतो. राउटरमधली यूपीएनपी ही सोय सुरू केली की काम भागते. पण मग घरातले कुठलेही उपकरण दार उघडू शकते. मला कन्सोलला कायमचा अंतर्गत पत्ता देऊन यूडीपी ३०७४ हे पोर्ट त्याच्याकडे वळवणे बरे वाटते.

हा खटाटोप करण्याआधी राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता पाहावा. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा इंटरनेट कंपनीच्या मोडेममागे आपला राउटर, असा दुहेरी नॅट आहे. मोडेम ब्रिज मोडवर टाकावा. १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक आहेत. मग घरी कितीही पोर्ट उघडा, खरे दार कंपनीकडे. तिच्याकडून सार्वजनिक पत्ता घ्यावा. गेमला चालत असेल तर आयपीव्ही६ सुरू करावे.

दुसरी तक्रार रांगेची. कुणाच्या तरी मोबाइलवर फोटोंचा बॅकअप सुरू होतो, अपलोड भरते, मोडेम पॅकेटे साठवत बसतो आणि गेमचे इवलेसे पॅकेट त्यामागे तिष्ठत राहते. जिम गेटिस यांनी या दुखण्याला 'बफरब्लोट' म्हटले. पिंग चालू ठेवून मोठी फाइल चढवून पाहा: २० मिलिसेकंदांचे ३०० झाले, तर निदान पक्के. उपाय वरवर उलटा वाटतो. राउटरमध्ये एसक्यूएम, म्हणजे रांग आवरण्याची सोय, असेल तर वेगाची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवायची. त्यामुळे रांग मोडेममधून आपल्या राउटरमध्ये येते, आणि तिथे कोडेल तिला आवरतो. निकोल्स आणि जेकबसन यांची ही २०१२ ची पद्धत रांगेची लांबी मोजत नाही. पॅकेट किती वेळ उभे आहे ते पाहते, आणि थांबणे ५ मिलिसेकंदांवर रेंगाळू लागले की पॅकेटे टाकू लागते.

वायफायबद्दल एवढेच: चॅनेल बदलण्याआधी राउटरपासून कन्सोलपर्यंत केबल टाकून बघा.