अरण्याचा कायदा आणि अरण्यांतील वाट

एखादी वस्तु जपावयाची म्हणजे तिला कोणी हात लावूं नये अशी व्यवस्था करावयाची, असा आपला सामान्य समज असतो. दागिने पेटींत ठेवले, पोथी रुमालांत बांधली, कीं आपण निश्चिंत होतों. परंतु अरण्यासारखी सजीव वस्तु जेव्हां जपावयाची असते, आणि तीहि लोकांना तिचा आनंद घेतां यावा म्हणून, तेव्हां हा समज पुरा पडत नाहीं. माणसानें अरण्यांत जावें तर वाट हवी. वाट हवी तर ती मोकळी राखावयास हवी. आणि वाट मोकळी राखावयाची तर कुऱ्हाड हवी. मग ज्या कुऱ्हाडीपासून अरण्य वांचवावयाचें, तिलाच पुन्हां आंत घ्यावें काय, आणि घेतल्यास तिला मर्यादा कोणीं घालावी? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं न्यूयॉर्क राज्यानें हा प्रश्न सवाशें वर्षांहून अधिक काळ आपल्या राज्यघटनेंतच उभा करून ठेवला आहे. त्याचा इतिहास बोधप्रद आहे, म्हणून तो आम्ही येथें थोडक्यांत सांगत आहों.

न्यूयॉर्क म्हटलें कीं गगनचुंबी इमारतींचें शहर डोळ्यांपुढें येतें. परंतु त्याच नांवाच्या राज्याच्या उत्तरेस अ‍ॅडिराँडॅक नांवाचा डोंगराळ मुलूख पसरला आहे. तेथें असंख्य सरोवरें आहेत, घनदाट रानें आहेत, आणि मार्सी हें राज्यांतील सर्वांत उंच, म्हणजे ५,३४४ फुटांचें, शिखर आहे. या मुलखाभोंवतीं आंखलेल्या 'उद्याना'च्या सीमेंत आज सुमारें ६० लाख एकर जमीन येते. आपल्या पुणें जिल्ह्याच्या दीडपट हा विस्तार आहे. त्यांतील निम्म्याहून थोडी कमी भूमि सरकारची म्हणजे लोकांची. बाकीची खाजगी, गांवें, शेतें व घरें असलेली. सरकारी रानांतून दोन हजार मैलांहून अधिक लांबीच्या पाऊलवाटा गेल्या आहेत.

एकोणिसाव्या शतकांत या रानांवर चोहोंकडून घाला पडला. स्प्रूसचे ओंडके नद्यांतून वाहत कारखान्यांकडे जात. हेमलॉकची साल कातडीं कमावण्यासाठीं सोलून घेत. पुढें कागदाच्या लगद्यासाठीं लहान झाडेंहि कामास येऊं लागलीं. जमीन विकत घ्यावी, झाडें तोडावीं, कर थकवावा आणि उघडी पडलेली टेंकडी सरकारच्या गळ्यांत टाकून निघून जावें, हा पुष्कळ मालकांचा परिपाठ होता. राज्याच्या हातीं पहिली वनभूमि आली ती बरीचशी अशा रीतीनें, कोणालाच नको म्हणून.

तिचें महत्त्व कळलें तें सौंदर्यामुळें नव्हे, पाण्यामुळें. जॉर्ज पर्किन्स मार्श या विद्वानानें १८६४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत रानें गेलीं कीं झरे आटतात व नद्या बेबंद होतात हें प्रतिपादन केलें होतें. पुढें व्हर्प्लँक कॉल्विन नांवाच्या धाडसी भूमापकानें हे डोंगर पिंजून काढले. १८७२ सालीं मार्सीच्या कुशींत त्याला एक चिमुकलें तळें आढळलें, आणि हडसन नदीचा सर्वांत उंचावरील उगम तेथें आहे हें त्यानें दाखविलें. त्या तळ्याला 'ढगांचा अश्रु' अशा अर्थाचें नांव मिळालें. हडसन नदी आणि १८२५ सालीं पुरा झालेला ईरी कालवा यांवर न्यूयॉर्क शहराचा सारा व्यापार उभा होता. डोंगर उघडे पडले तर पेढ्या बुडतील, ही गोष्ट व्यापाऱ्यांना पटली, आणि जें कवींच्या व प्रवाशांच्या विनवण्यांनीं झालें नसतें तें हिशेबाच्या वहीनें करून दाखविलें.

१८८५ सालच्या मे महिन्यांत राज्यानें कायदा करून अ‍ॅडिराँडॅक व कॅट्सकिल या दोन डोंगरांतील आपली मिळून सात लाख एकरांच्या आसपासची भूमि सदैव वन्य स्थितींत ठेवण्याचें ठरविलें. त्याच वर्षाच्या जुलैंत नायगारा धबधब्याभोंवतींची कुंपणें व गिरण्या हटवून तो परिसर राज्यानें लोकांना विनामूल्य खुला केला. परंतु तो वृत्तान्त स्वतंत्र आहे. १८९२ सालीं अ‍ॅडिराँडॅक उद्यानाची सीमा नकाशावर निळ्या शाईनें आंखली गेली, आणि आजतागायत तेथील लोक उद्यानाला 'निळ्या रेघेच्या आंतला मुलूख' म्हणूनच ओळखतात. येथें एक खुलासा करणें अवश्य आहे. 'राखीव जंगल' हा शब्द आपल्याकडे १८७८ च्या कायद्यानें रूढ झाला, व त्याचा अर्थ सरकारच्या लांकडासाठीं राखलेलें जंगल असा होता. न्यूयॉर्कनें जें राखलें तें अखेर सरकारपासूनहि राखलें. फरक लहान नाहीं.

अर्थात् हें एका उडीनें झालें नाहीं. १८८५ च्या कायद्यानें नेमलेलें वनमंडळ दुबळें निघालें. लांकूडचोरी चालूच राहिली. १८९३ सालीं तर विधिमंडळानें मंडळाला सरकारी झाडें विकण्याची मुभाच दिली. तेव्हां रानाच्या कैवाऱ्यांनीं ओळखलें कीं जो कायदा एक विधिमंडळ करतें तो दुसरें मोडूं शकतें. १८९४ सालीं राज्यघटनेच्या फेरविचारासाठीं परिषद भरली असतां त्यांनीं तेथें धांव घेतली. ही वनभूमि सदैव वन्य राहील. ती भाड्यानें दिली, विकली वा बदलली जाणार नाहीं. तिच्यावरील झाडें विकलीं, हलविलीं किंवा नष्ट केलीं जाणार नाहींत, असें कलम परिषदेनें १२२ विरुद्ध शून्य मतांनीं स्वीकारलें. यांतील 'नष्ट' हा शब्द मूळ मसुद्यांत नव्हता. धरणें बांधून पाण्याखालीं बुडविलेलीं झाडें विकलींहि जात नाहींत आणि हलविलींहि जात नाहींत, पण मरतात, हें लक्षांत घेऊन तो चर्चेच्या वेळीं घातला गेला. लोकांनीं घटना मान्य केली व १ जानेवारी १८९५ पासून ती अमलांत आली.

एवढ्या कडक कलमाचे चटके सर्वांना सारखे बसले नाहींत. ज्या गांवकऱ्यांनीं पिढ्यान् पिढ्या जवळच्या रानांतून सरपण आणलें व शिकार केली, ते आतां गुन्हेगार ठरले. मोठ्या ठेकेदारांचे वकील न्यायालयांत झगडत, गरिबाला दंड भरावा लागे. ही बाजू उद्यानाच्या गौरवगीतांत सहसा येत नाहीं. पण आली पाहिजे. दुसरा चटका निसर्गानें दिला. १९०३ व १९०८ सालीं भयंकर वणवे लागले. आगगाडीच्या इंजिनांच्या ठिणग्या आणि लांकूडतोड्यांनीं मागें टाकलेला पालापाचोळा यांनीं लाखों एकर रान जळालें. केवळ 'हात लावूं नका' म्हणून पाटी लावल्यानें रान राहत नाहीं, हें त्या वेळीं प्रथम स्पष्ट झालें. १९०९ पासून शिखरांवर टेहळणीचीं ठाणीं उभीं राहिलीं, पहारेकरी नेमले गेले, व १९१२ पासून ते वनरक्षक या नांवानें ओळखले जाऊं लागले. अस्पर्श रानाला पहिला हात लागला तो रक्षणाचा.

मग आले वाटसरू. १९२२ सालीं अ‍ॅडिराँडॅक पर्वतमंडळ स्थापन झालें, आणि त्याचें पहिलें काम म्हणजे नॉर्थव्हिल गांवापासून लेक प्लॅसिडपर्यंत सुमारें १३० मैलांची पायवाट. १९२४ पर्यंत ती पुरी झाली. पुढें मंदीच्या काळांत, १९३३ ते १९४२ पर्यंत, बेकार तरुणांच्या सरकारी पथकांनीं आणखी वाटा व मुक्कामाच्या जागा बांधल्या. झाडांवर ठोकलेल्या तांबड्या, निळ्या, पिंवळ्या खुणा आणि तीन बाजूंनीं ओंडक्यांच्या भिंती असून एक बाजू मोकळी असलेले निवारे हें येथील वाटांचें परिचित दृश्य होऊन बसलें.

वाट एकदां पाडली कीं काम संपलें, असें घरीं बसलेल्या माणसाला वाटतें. खरें पाहतां काम तेथेंच सुरू होतें. या डोंगरांवर मातीचा थर पातळ, खालीं खडक, आणि जुन्या वाटा वळणें न घेतां थेट चढावर नेलेल्या. त्यामुळें पावसाचें व वितळलेल्या बर्फाचें पाणी वाटेलाच ओहोळ समजून तिच्यावरून धांवतें. माती वाहून जाते, मुळें उघडीं पडतात, चिखल होतो. चिखल चुकविण्यासाठीं वाटसरू कडेनें जातो. त्याच्या मागून येणारा त्याहून कडेनें. आणि हातभर रुंदीची वाट पाहतां पाहतां गाडीरस्त्याएवढी होते. म्हणून वाट राखणाऱ्याचें पहिलें काम पाण्याला बाजूला काढण्याचें. वाटेवर तिरपे दगड किंवा ओंडके रोवावे, बाजूस चर खणावा, दर वर्षी तो चर उपसावा. पाणथळ जागीं फळ्या टाकाव्या. चढावर दगडी पायऱ्या बसवाव्या. वसंतांत बर्फ वितळत असतां उंचावरील वाटांवर जाऊं नका, आणि चिखल आलाच तर कडेनें न जातां त्यांतूनच चाला, अशी विनंति तेथें वाटसरूंना केली जाते. जोडे खराब होतील. पण रान वांचेल.

आतां मूळ प्रश्न. वाटेसाठीं झाड तोडलें तर तें घटनेच्या अर्थानें 'नष्ट' झालें कीं नाहीं? १९३२ सालचे हिंवाळी ऑलिंपिक सामने लेक प्लॅसिड येथें व्हावयाचे होते. बर्फावरून घसरणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीसाठीं सरकारी वनभूमींत एक मार्ग करण्याचा कायदा विधिमंडळानें केला. त्यासाठीं चार-साडेचार एकरांवरील सुमारें अडीच हजार झाडें तोडावीं लागणार होतीं. अरण्यरक्षणासाठीं झटणारी एक संस्था न्यायालयांत गेली, आणि १९३० सालीं राज्याच्या सर्वोच्च न्यायासनानें तो कायदा रद्द ठरविला. परंतु त्याच निवाड्यांत न्यायमूर्तींनीं दुसरीहि गोष्ट सांगितली. रान लोकांच्या उपयोगासाठीं आहे. म्हणून वणवे रोखणें, रस्ते दुरुस्त ठेवणें, लोकांच्या योग्य सोयी करणें हीं कामें करण्यास हरकत नाहीं. मात्र त्यांपायीं लक्षणीय प्रमाणांत झाडें जातां कामा नयेत. शर्यतीचा मार्ग शेवटीं खाजगी जमिनीवर झाला. सामने झाले, व रानहि राहिलें.

'लक्षणीय प्रमाण' म्हणजे किती, याचें उत्तर कोणत्याहि न्यायालयाला आंकड्यांत देतां येत नाहीं. ज्याला मोठें काम करावयाचें असेल त्यानें घटनाच बदलून घ्यावी, हा एकच राजमार्ग राहिला. आणि त्यासाठीं लागोपाठ दोन विधिमंडळांची संमति व नंतर लोकांचें मत घ्यावें लागतें. व्हाइटफेस पर्वतावर बर्फावरील घसरवाटा करण्यासाठीं १९४१ सालीं अशी परवानगी मिळविली गेली. आज त्या घटनेंत या वाटांची एकूण लांबी २५ मैलांपेक्षां अधिक नसावी व रुंदी ३० ते २०० फूट असावी, असें चक्क लिहिलेलें आहे. राज्यघटनेंत घसरवाटेचीं मापें पाहून हसूं येतें खरें. परंतु एका पर्वतावरील वाट किती रुंद असावी हें लाखों मतदारांनीं ठरवावें, यांत हास्यास्पद असें आम्हांस तरी कांहीं वाटत नाहीं.

१९५० सालच्या नोव्हेंबरांत प्रचंड वादळ होऊन चार लाख एकरांहून अधिक क्षेत्रांतील झाडें कोसळलीं. वाटा ओळखूं येईनात. पडलेल्या झाडांचा ढीग वणव्याला आमंत्रणच होता. पडलेलें झाड उचलणें म्हणजे 'हलविणें' नव्हे काय, हा वाद तेव्हां उपस्थित झाला. राज्याच्या मुख्य कायदेपंडितानें धोका टाळण्यासाठीं तें चालेल असा अभिप्राय दिला व कांहीं वर्षें लांकूड काढण्याचें काम चाललें. कुजणारें झाड हेंहि अरण्याचेंच अंग, असें मानणाऱ्यांचें समाधान मात्र झालें नाहीं.

पुढें १९७२ च्या व्यवस्था-योजनेनें सरकारी भूमीचे निरनिराळे वर्ग पाडले. सर्वांत कडक वर्गांत यंत्रांना सामान्यतः मनाई आहे; आडवा पडलेला वृक्ष बहुधा दोघांनीं ओढावयाच्या जुन्या करवतीनेंच कापावा लागतो. मार्सीसारख्या शिखरांवर गोष्ट आणखी नाजूक आहे. हिमयुगाच्या अखेरीपासून टिकून राहिलेल्या खुरट्या वनस्पतींची सारी वस्ती तेथें मिळून जेमतेम १७० एकरांच्या आसपास आहे, आणि ती बुटाखालीं चिरडली जात होती. एडविन केचलेज या वनस्पतिशास्त्रज्ञानें उघड्या पडलेल्या मातीवर गवत पेरून ती धरून ठेवली, व मूळच्या वनस्पति हळूहळू परत आल्या. १९९० च्या सुमारास तेथें 'शिखरसेवक' नेमले जाऊं लागले. त्यांचें काम दंड करण्याचें नाहीं. वर आलेल्या प्रत्येकाशीं बोलून 'कृपा करून खडकावरूनच चाला' एवढेंच सांगण्याचें. कायद्यानें जें साधलें नाहीं तें या संभाषणानें पुष्कळसें साधलें आहे.

तरीहि जुना प्रश्न सुटलेला नाहीं. बर्फावरून चालणाऱ्या मोटारगाड्यांसाठीं गांवांगांवांना जोडणाऱ्या नऊ ते बारा फूट रुंदीच्या सुमारें २७ मैल वाटा करण्याचें सरकारी खात्यानें योजिलें. त्यांत एक इंचाहून जाड अशीं सुमारें २५ हजार झाडें जाणार होतीं. खात्याचें म्हणणें असें कीं तीन इंचांहून बारीक तें झाडच नव्हे. तसें मोजल्यास हा आंकडा सहा हजारांवर येतो. म्हणजे झाड कशाला म्हणावें इथपर्यंत गोष्ट आली! ४ मे २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायासनानें चार विरुद्ध दोन मतांनीं या वाटा घटनाबाह्य ठरविल्या. आपलें काम बहुमतांतील न्यायमूर्तींनीं सोपें करून घेतलें नाहीं: हिंवाळ्यांतील पाहुण्यांवर पोट असणाऱ्या गांवांची बाजूहि खरी होती. त्यांना लोकांकडे जाऊन घटनेंत दुरुस्ति मागण्याचा मार्ग मात्र मोकळाच राहिला.

या इतिहासाकडे पाहून कोणी म्हणेल कीं इंचाइंचावर वाद घालणारा हा कायदा म्हणजे नुसता किचकटपणा. आम्हांस तसें वाटत नाहीं. सोयीच्या नांवाखालीं होणारा ऱ्हास एकदम कधींच होत नाहीं; तो चिखल चुकविणाऱ्या वाटसरूच्या पावलासारखा कडेकडेनें सरकतो, आणि प्रत्येक पाऊल त्या त्या वेळीं वाजवीच वाटतें. १८९४ सालच्या त्या कलमानें रान कुलुपांत बंद केलें नाहीं. कुऱ्हाड उचलणाऱ्याला, मग तो ठेकेदार असो, खातें असो वा वाट मोकळी करणारा स्वयंसेवक असो, प्रत्येक वेळीं 'कशासाठीं?' हा प्रश्न विचारण्याची सोय मात्र करून ठेवली. रान टिकलें तें त्या प्रश्नामुळें; आणि त्यांतील वाट टिकली ती दर वर्षी चर उपसणाऱ्या हातांमुळें. दोहोंपैकीं एक जरी नसतें तरी आज दाखविण्यासारखें तेथें फारसें कांहीं उरलें नसतें.