संशयाची बखर

‘सामना आधीच ठरलेला होता’ हे वाक्य फुटबॉलच्या इतिहासात जितक्या सहजतेने उच्चारले जाते, तितक्या सहजतेने ते सिद्ध होत नाही. २१ जून १९७८ रोजी रोसारिओ येथे झालेला अर्जेंटिना-पेरू सामना हे त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. इतिहासलेखनाचा एक प्रश्न म्हणून आम्ही ते येथे तपासत आहोत.

त्याच दिवशी आधी झालेल्या सामन्यात ब्राझीलने पोलंडला ३-१ असे हरवले. त्यामुळे विश्वचषकाची अंतिम फेरी गाठण्यासाठी अर्जेंटिनाला चार गोलांच्या फरकाने विजय हवा होता. तो ६-० असा मिळाला. देशात जनरल विदेलाची लष्करी राजवट होती. पेरूचा गोलरक्षक किरोगा मूळचा रोसारिओचाच. पुढे धान्याच्या मोबदल्यात सामना सोडल्याची कथा आली, नंतर राजकीय कैद्यांच्या सौद्याचीही.

कथा घट्ट विणलेली आहे आणि आमची शंका नेमकी तेथेच सुरू होते. शेवट ठाऊक झाल्यावर लिहिलेल्या बखरीत प्रत्येक शकुन खरा ठरतो. अर्जेंटिना १-० असा जिंकून बाद झाला असता, तर किरोगाचे जन्मगाव कोणाला आठवले असते? पेरू याआधी ब्राझीलकडून ३-० आणि पोलंडकडून १-० असा हरला होता. आरंभी त्याचाच एक फटका गोलखांबावर आदळला. मध्यंतराला अर्जेंटिनाची आघाडी केवळ दोन गोलांची होती. एवढ्याने निर्दोषत्व सिद्ध होत नाही, हे खरे. पण कथा सांगणारे हे तपशील गाळतात, हेही खरे. आणि नेमके किती गोल हवेत हे यजमानांना आधीच कळले, हा अन्याय तर वेळापत्रकातच उघड दिसतो. १९८६ पासून गटातील अखेरचे सामने एकाच वेळी खेळवले जाऊ लागले.

याचा अर्थ सामने कधीच विकले गेले नाहीत, असा नव्हे. २ एप्रिल १९१५ रोजी मँचेस्टर युनायटेडने लिव्हरपूलला २-० असे हरवले. नेमक्या याच निकालावर मोठ्या पैजा लागल्या होत्या. चौकशी झाली आणि दोन्ही संघांच्या मिळून सात खेळाडूंवर आजन्म बंदी आली. त्यांपैकी एनॉक वेस्टने बदनामीचा दावा लावला, तो हरला. येथे संशयाला कागद मिळाला. रोसारिओच्या वाट्याला मात्र एकमेकींशी न जुळणाऱ्या आठवणीच आल्या.

एका जुन्या सामन्यासाठी एवढा काटेकोरपणा कशाला, असे कोणी विचारील. अंतिम सामन्याच्या मैदानापासून थोड्याच अंतरावर नौदलाच्या यांत्रिकी विद्यालयात त्या काळात कैद्यांचा छळ चालू होता. ही वदंता नव्हे. वाचलेल्यांच्या साक्षींनी ते न्यायालयात सिद्ध झाले. राजवटीच्या गुन्ह्यांसाठी १९८५ साली विदेलाला जन्मठेप झाली. ते गुन्हे नाकारू पाहणारेही ‘या रचलेल्या कथा आहेत’ असेच म्हणतात. त्यांना आपण पुरावा दाखवतो. मग आपल्याला आवडणाऱ्या कथेसाठी त्याच पुराव्याची अट सैल कशी करता येईल? राजवट गुन्हेगार होती, म्हणून तिच्या काळातील प्रत्येक गोलही गुन्हा ठरत नाही. बखर आणि अस्सल कागद यांतला भेद वर्गात शिकवताना आम्हांला म्हणूनच हा सामना आठवतो.