मराठवाड्यांतील इनामपत्रें व विद्यापीठ-ग्रंथालयांतील जुने कायदे

इनामपत्राचें वाचन म्हणजे केवळ मोडी अक्षर लावणें नव्हे. तें पत्र झालें त्या दिवशीं त्या गांवीं कोणता कायदा चालू होता, हें ठरल्यावांचून पत्रानें नेमका कोणता हक्क दिला, हें कळत नाहीं. यांत अडचण अशी कीं, वकिलास चालू कायदा लागतो आणि इतिहाससंशोधकास बहुधा रद्द झालेला. रद्द झालेलें पुस्तक वकिलाच्या कपाटांतून लवकरच उठतें. पुढें त्याचा शोध विद्यापीठाच्या ग्रंथालयांतच करावा लागतो. तो कसा करावा, याचा विचार बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यांतील नांदूरघाट या गांवाच्या निमित्तानें येथें केला आहे.

नांदूरघाट हें पूर्वींच्या निजामी मुलखांतलें गांव. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थानांतील निजामी सत्ता संपली, १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, व १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. ही सनावळी सर्वांस ठाऊक आहे, परंतु प्रत्यक्ष कागद हातीं आला म्हणजे तिचा विसर पडतो. पुणें-सातारा भागांतील इनामांचा अभ्यास केलेला गृहस्थ सहजच इनाम कमिशनच्या कामाचा, म्हणजे १८५२ च्या ११ व्या कायद्याचा किंवा एथरिजच्या १८७३ च्या वृत्तांताचा आधार घेतो. हीं साधनें मुंबई इलाख्याचीं. शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यास तीं लागू, बीडास नव्हत. स्टीलचा १८२७ चा दख्खनमधील जातींच्या रूढींवरील ग्रंथहि मुंबई इलाख्याच्या अंमलाखालील प्रांतांपुरताच आहे. रूढि ताडून पाहण्यास तो उपयोगी पडेल. परंतु नांदूरघाटच्या हक्कास प्रमाण म्हणून त्याजकडे बोट दाखवितां येणार नाहीं.

पहिली पायरी सनाची. मराठी कागदांतील शुहूर सनांत ५९९ किंवा ६०० मिळविले असतां इसवी सन येतो. फसलींत ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. निजामी कारभारांत फसली व हिजरी हे दोन्ही सन आढळतात. समजा, एका कागदावर नुसता १३२० हा आंकडा आहे. तो हिजरी मानला तर इसवी सन १९०२-०३ येतो. फसली मानला तर १९१०-११. फरक आठच वर्षांचा, परंतु त्याच आठ वर्षांच्या पोटांत हैदराबादचा जमीन-महसुलाचा कायदा, म्हणजे १३१७ फसलीचा ८ वा, येतो. एका वाचनानें कागद कायद्यापूर्वींचा ठरतो, दुसऱ्यानें नंतरचा. म्हणून महिन्याचें नांव, शिक्का व अधिकाऱ्याचा हुद्दा पाहिल्यावांचून इसवी सन लिहूं नये.

दुसरी पायरी शब्दांची. मदतमाश ही व्यक्तीच्या किंवा कुटुंबाच्या निर्वाहासाठीं दिलेली देणगी. खिदमतमाश ही देऊळ, मशीद इत्यादिकांच्या सेवेशीं जोडलेली. यादी करणारानें दोहोंपुढें ‘इनाम जमीन’ एवढेंच लिहिलें तर मुख्य भेद पुसला जातो. १९५४ च्या हैदराबाद इनाम रद्द करण्याच्या कायद्यानें धार्मिक व धर्मादाय संस्थांचीं इनामें मूळ मसुद्यांत वगळलीं होतीं. तेव्हां जमीन देवाची कीं पुजाऱ्याच्या घराची, हा तंटा पुष्कळदां या एका शब्दापाशीं येऊन ठेपतो. मुंतखबाचेंहि तसेंच आहे. १९५२ च्या हैदराबाद अतियात चौकशी कायद्याच्या व्याख्येप्रमाणें मुंतखब म्हणजे इनामाची किंवा वारसाची चौकशी होऊन, पूर्वींची देणगी पुढें चालविण्याबद्दल अथवा कायम करण्याबद्दल दिलेला कागद. अर्थात् त्यावरील तारीख ही मूळ दानाची तारीख नव्हे. ती तशी धरल्यास जुनें दान उगाच अर्वाचीन ठरेल.

आतां ग्रंथालयाविषयीं. मराठवाड्यास १९५८ मध्यें औरंगाबाद येथें, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरांत, स्वतःचें विद्यापीठ मिळालें. १९९४ पासून त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असें नांव आहे. त्यापूर्वींची संस्थानी विद्या १९१८ च्या उस्मानिया विद्यापीठाभोंवतीं वाढली, व तेथील शिक्षणाची भाषा उर्दू होती. संस्थानी जरीदा, म्हणजे सरकारी गॅझेट, व निवाड्यांचे जुने संग्रह उर्दूंत असल्यामुळें मोडी वाचणारानें उर्दू जाणणारा सोबती बरोबर घ्यावा हें बरें.

जेथें ड्यूईची दशांश पद्धति चालते तेथें कायदा ३४० खालीं, सरकारी महसूल ३३६ खालीं व भारताचा इतिहास ९५४ खालीं असतो. एकाच इनामाचें साहित्य असें तीन कपाटांत विखुरतें. यास्तव एका कपाटावर विसंबूं नये. कायद्याची मूळ प्रत प्रथम पाहावी, मग दुरुस्त्या, आणि शेवटीं तो कोणत्या कायद्यानें रद्द केला तें कलम. १३१७ फसलीच्या कायद्याची जागा महाराष्ट्रांत १९६६ च्या जमीन-महसूल संहितेनें घेतली. तेलंगणांत मात्र तो पुढेंहि चालत राहिला. म्हणून हैदराबादेस छापलेली नवी आवृत्ति बीडच्या जुन्या कागदास जशीच्या तशी लावल्यास, तिकडे मागाहून झालेल्या दुरुस्त्या या गांवाच्या माथीं बसतील.

संग्राहकांस एवढीच विनंति कीं, यादींत कागदावरील सन जसाच्या तसा, हक्काचा मूळ शब्द, व त्या काळच्या कायद्याचा अंक या तीन गोष्टी अवश्य नोंदवाव्या. ग्रंथपालांसहि सांगणें आहे कीं, नवी आवृत्ति आली म्हणून जुनी रद्दींत घालूं नये. कागद घरोघर जपले, पण ते ज्या कायद्याच्या भाषेंत बोलतात तो कायदा हरवला, तर त्या कागदांचा अर्थ सांगणारें साधनच उरणार नाहीं.